शोषखड्ड्याला न मानवणारी माती: अलाबामातल्या लाउंड्स काउंटीचं प्रकरण

श्रावणात मराठवाड्यातल्या नाहीतर विदर्भातल्या काळ्या रानातून चालून आलेल्या माणसाला ही माती समजावून सांगावी लागत नाही. चार पावलांत चप्पल जड होते, दहाव्या पावलाला ती हातात घ्यावी लागते. तीच माती वैशाखात अशी भेगाळते की भेगेत मनगटापर्यंत हात जातो. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. कापसाला याहून चांगली जमीन नाही आणि शोषखड्ड्याला याहून वाईट नाही. आमच्याकडे गावातला गवंडीसुद्धा खड्डा खणायच्या आधी विचारतो, "मुरूम किती खाली लागतो?" मुरूम लागला नाही तर पहिल्या पावसात खड्डा तुंबणार, हे त्याला शिकवावं लागत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा राज्यात अशाच फुगणाऱ्या काळ्या मातीचा एक पट्टा आहे. मातीच्या रंगावरूनच त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. आपली माती बेसॉल्टच्या खडकातून आली, तिथली खडूसारख्या चुनखडीवर साचली. पण पाण्याशी दोघींची वागणूक एकच. या पट्ट्यात, मॉन्टगोमेरी आणि सेल्मा या दोन शहरांच्या मधोमध लाउंड्स काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा, फक्त स्वतःचं न्यायालय आणि निवडून आलेला शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, असलेला. विस्तार गोव्याच्या निम्मा. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १०,३११ भरली. म्हणजे निम्म्या गोव्याएवढ्या जागेत आपल्याकडच्या एका मोठ्या गावाइतकी माणसं. दहांतली सातांहून अधिक कृष्णवर्णीय, उरलेली बहुतेक गोरी.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातल्या या काउंटीत आजही कित्येक घरांचा मैला परसात वाहतो. हे का घडतं आणि इतकी वर्षं का घडत राहिलं, ते नीट उलगडून पाहायला हवं. कारण ऐकणारा पहिल्याच वाक्याला "गरिबी आहे" म्हणतो आणि तिथेच थांबतो. गरिबी आहेच. निम्मी घरं ज्या उत्पन्नाच्या खाली जगतात तो आकडा देशाच्या तशाच आकड्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, आणि चारांतला एक माणूस तरी दारिद्र्यरेषेखाली आहे. पण गरीब काउंट्या अमेरिकेत पुष्कळ आहेत. इथे गरिबीच्या जोडीला माती आहे, कायदा आहे आणि दीडशे-दोनशे वर्षांचा जमिनीचा हिशेब आहे.

आधी घर बघू. हेनविल हे काउंटीचं मुख्य ठिकाण, वस्ती हजाराच्याही आत. फोर्ट डिपॉझिट सगळ्यात मोठं गाव, तिथे हजार-बाराशे माणसं. गावं सोडली की घरं विखुरलेली. झाडीतून एक कच्चा रस्ता आत जातो, आणि टोकाला एक-दोन मोबाइल होम असतात. कारखान्यात बनवून ट्रेलरवरून आणून ठेवलेलं हे लांबट घर विटांच्या ठोकळ्यांवर उभं असतं. स्वस्त पडतं म्हणून लोक तेच घेतात, पण गाडीसारखी त्याची किंमत वर्षागणिक उतरत जाते. अशा घराच्या पोटाखालून पांढरा पीव्हीसी पाइप निघतो, जमिनीवरून दहा-पंधरा पावलं जातो आणि एखाद्या खळग्यात नाहीतर ओघळीत उघडाच सोडलेला असतो. तिथले लोक याला 'स्ट्रेट पाइप' म्हणतात. संडासाची टाकी ओढली की सगळं सरळ त्या खळग्यात. तिथेच गवत सगळ्यात हिरवंगार असतं, आणि तिथूनच जवळ मुलं खेळतात.

ज्यांनी पैसे जमवून सेप्टिक टँक बसवला त्यांची गत फार वेगळी नाही. सेप्टिक टँकमध्ये जड मैला खाली बसतो आणि वरचं पाणी पुढे भोकाच्या पाइपांतून जमिनीत मुरायला सोडतात. सगळी मदार त्या मुरण्यावर. जमीन मुरवेल की नाही हे पाहायची साधी रीत आहे: हातभर खोल खड्डा घ्यायचा, माती आधी चांगली भिजू द्यायची, मग पाणी भरायचं आणि पातळी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजायचं. वालुकामय जमिनीत हे बघता बघता होतं. काळ्या मातीत खड्ड्यातलं पाणी डोळे वटारून बघत बसतं. माती फुगून तिची छिद्रं मिटलेली असतात. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते तेव्हा पाणी न गाळताच भेगांतून खाली निसटतं. म्हणजे ओल्यात मुरत नाही आणि कोरड्यात गाळत नाही. मोठा पाऊस झाला की भरलेल्या टँकमधलं पाणी उलटं फिरतं आणि न्हाणीतल्या टबमध्ये वर येतं. हेनविलमध्ये गटारयोजना आहे आणि सांडपाण्याचं उघडं तळंही आहे, पण गटाराला जोडलेल्या घरांनाही हा अनुभव येतो.

अशा जमिनीवर उपाय नाही असं नाही. बाहेरून वाळू आणून घराशेजारी उंचवटा करायचा, पंपानं पाणी त्याच्यावर चढवायचं आणि वाळूतून गाळून खाली सोडायचं. त्यासाठी इंजिनिअरचा आराखडा लागतो, वाळूचे ट्रक लागतात, पंपाला वीज आणि देखभाल लागते. खर्च पंधरा-वीस हजार डॉलर, कधी तीस हजार. वीस हजार धरले तरी आपले सोळा-सतरा लाखांहून जास्त रुपये. कित्येकदा ही व्यवस्था ज्या घरासाठी करायची त्या घराहून महाग पडते.

कर्ज काढावं म्हटलं तर दुसरी अडचण, आणि ती मराठी वाचकाला लगेच कळेल. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव, वारसनोंद कधी झालेली नाही, हिस्सेदार मुंबई-पुण्यात पांगलेले. अशा जमिनीवर बँक दारात उभी करत नाही. लाउंड्समध्ये नेमकं हेच आहे. गुलामगिरी संपल्यावर ज्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन जमिनीचा तुकडा घेतला, त्यांतल्या बहुतेकांनी मृत्युपत्र केलं नाही. वकील गोरा, न्यायालय गोऱ्यांचं. विश्वास ठेवायचा कोणावर? तीन-चार पिढ्यांनंतर त्या तुकड्याला पाच-पन्नास हिस्सेदार झाले आणि ते शिकागो, डेट्रॉइटपर्यंत विखुरले. जमीन सगळ्यांची आहे, म्हणून ती तारण कोणालाच ठेवता येत नाही. सरकारी मदतीच्या अर्जातही मालकीचा कागद मागतात, तिथे पुन्हा तेच.

आता कायदा. अलाबामात गावाच्या हद्दीत गटार ही पालिकेची जबाबदारी, हद्दीबाहेर ती ज्याची त्याची. मैला उघड्यावर सोडणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. दंड होऊ शकतो, तुरुंगवास होऊ शकतो, घरावर बोजा चढू शकतो. या शतकाच्या सुरुवातीला लाउंड्समधल्या काही कुटुंबांवर अटकेची पाळी आली. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स या लाउंड्समध्येच वाढलेल्या शिक्षिका तेव्हा गावी परतल्या होत्या. त्या घराघरांत गेल्या, परसातला मैला पाहिला, आणि पुढची वीस वर्षं त्यांनी हा प्रश्न राज्याच्या, देशाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या दारात नेला. २०२० साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळाली. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट साधी आहे: पाहुण्याला त्या भाषण देत बसत नाहीत, हाताला धरून पाइपाच्या तोंडापाशी नेऊन उभं करतात.

शिक्षेच्या या वाटेबद्दल मला तळमळून लिहावंसं वाटतं, कारण आपणही ती चोखाळली आहे. आपल्याकडे पहाटे गुड मॉर्निंग पथकं निघायची, डबा घेऊन जाणाऱ्या बायाबापड्यांच्या हातात गुलाबाचं फूल द्यायची, फोटो काढायची, कुठे दंड, कुठे पोलीस ठाणं. ज्या बाईकडे संडास बांधायला जागा नाही, तिला लाज देऊन संडास उभा राहत नाही. लाउंड्समध्ये ज्याच्याकडे वीस हजार डॉलर नाहीत त्याला समन्स देऊन वाळूचा उंचवटा उभा राहिला नाही. उलट लोकांनी तोंडं मिटली. तपासायला आलेल्या माणसाला परसात कोण नेणार, जर त्याच पावलाचं रूपांतर खटल्यात होणार असेल?

याचा परिणाम आकड्यांवर दिसतो. काउंटीतल्या किती घरांची मैल्याची सोय मोडकी आहे किंवा नाहीच? सांगितले जाणारे अंदाज ४० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. एवढ्या मोठ्या पल्ल्याचा अर्थ एकच, की सगळ्या काउंटीचा पक्का आकडा कोणाकडेच नाही.

२०१७ साली टेक्सासमधल्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी लाउंड्सच्या ५५ रहिवाशांचे नमुने तपासले. १९ जणांत नेकेटर अमेरिकॅनस या हुकवर्मचा, म्हणजे आकडीजंताचा अंश सापडला. हा जंत मैल्यानं दूषित मातीतून अनवाणी पायात शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो, आणि मुलाची वाढ नि बुद्धी दोन्ही खुंटवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत तो घराघरांत होता. रॉकफेलरच्या पैशानं १९०९ पासून त्याविरुद्ध मोठी मोहीम झाली आणि पुढे तो देशातून गेला असंच धरलं गेलं. राज्याच्या आरोग्य खात्यानं बेलरच्या निष्कर्षांवर शंका घेतली. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की नंतर ब्लॅक बेल्टमधल्या शेकडो मुलांची तपासणी झाली तेव्हा त्यांत असे जंत आढळले नाहीत. मला या वादात एक खंत वाटते. जंताच्या बातमीनं जग हललं, पण जंत नसला तर जणू प्रश्नच मिटला असं बोलणं सुरू झालं. न्हाणीच्या टबात शेजारच्या टँकचं पाणी वर येतं, ते पुसून त्याच टबात लेकराला आंघोळ घालावी लागते. यात जंत सापडायची वाट कशाला पाहायची? २०१७ च्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक तज्ज्ञ फिलिप ऑल्स्टन यांनी अलाबामाच्या ग्रामीण भागात उघडा मैला पाहिला आणि विकसित देशात असं दृश्य विरळा असल्याचं सांगितलं. तीन वर्षांनी कोविड आला. काउंटीत एकही रुग्णालय नाही, आणि २०२० मध्ये एका टप्प्यावर लोकसंख्येच्या मानानं लागण होण्यात लाउंड्स अलाबामात सगळ्यांच्या पुढे गेली.

इथवर प्रश्न घरातला आणि परसातला वाटतो. तो तिथे कसा आला हे बघायला लोकसंख्येचा तक्ता काढावा लागतो. काउंटी १८३० साली झाली तेव्हा ९,४१० माणसं होती. दहा वर्षांत दुप्पट झाली, कारण काळ्या मातीवर कापूस आला आणि कापसामागे गुलाम आणले गेले. १८६० मध्ये २७,७१६ पैकी दहांतली सात माणसं कोणाच्या तरी मालकीची होती. १९०० साली लोकसंख्या ३५,६५१ झाली, तो कळस. मग बोंडकिडा आला, शिकागोच्या कारखान्यांची हाक आली, कापूस वेचणारी यंत्रं आली, आणि उतरण लागली: १९६० मध्ये १५,४१७, आज दहा हजारांच्या थोडं वर. सव्वाशेक वर्षांत काउंटीनं आपली दहांतली सात माणसं गमावली. जो पट्टा एकेकाळी अलाबामाच्या श्रीमंतीचा कणा होता, तिथे आज कामाला जाणारे लोक गाडी काढून मॉन्टगोमेरीकडे जातात. कापसाच्या रानांवर गवत नाहीतर लाकडासाठी लावलेली झाडं.

हा तक्ता पहिल्यांदा बारकाईनं मांडायला बसले डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस, अमेरिकेतले थोर कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ. १९०६ साली संघराज्याच्या कामगार कार्यालयासाठी त्यांनी याच लाउंड्सची पाहणी केली. मदतनीस घेऊन ते हजारो कुटुंबांकडे गेले, जमीन कोणाची, कर्ज किती, शाळा किती महिने चालते, मत कोणाला देता येतं, सगळं टिपलं, नकाशे काढले. कार्यालयानं अहवाल छापला नाही. विषय राजकारणाला भिडतो असं कारण दिलं. पुढे कळलं की हस्तलिखितच नष्ट केलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटवेना. आपल्याकडे जनगणनेत आपली जात, आपली वस्ती नोंदली जावी म्हणून लोक किती झगडतात ते आपण बघतो. इथे नोंद झाली होती, आणि ती फाडून टाकली गेली.

१९६५ च्या सुरुवातीला काउंटीत पाचांतले चार लोक कृष्णवर्णीय होते आणि मतदारयादीत त्यांच्यातला एकही नव्हता. यादीत गोरे मात्र इतके होते की पात्र गोऱ्यांच्या संख्येपेक्षा त्यांची नावं जास्त भरत होती. त्या मार्चमध्ये मार्टिन लूथर किंग यांचा सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चा हायवे ८० वरून याच काउंटीतून गेला. मोर्चा संपला त्या रात्री, २५ मार्चला, मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवणाऱ्या व्हायोला लिउझो यांना याच रस्त्यावर गोळ्या घातल्या. ऑगस्टमध्ये जोनाथन डॅनियल्स हा पाद्री होण्याचं शिक्षण घेणारा विद्यार्थी हेनविलमध्ये मारला गेला आणि मारणाऱ्याला गोऱ्या ज्युरीनं निर्दोष सोडलं. आणि ज्या कुळांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं, त्यांना जमीनमालकांनी घरांतून बाहेर काढलं. डिसेंबरच्या थंडीत ती कुटुंबं हायवेच्या कडेला तंबूंत राहायला आली. रात्री धावत्या गाड्यांतून तंबूंवर गोळ्या झाडल्या जात. तिथे दोन वर्षांहून जास्त काळ लोक राहिले. राहणीमानाचा प्रश्न इथे मताच्या प्रश्नापासून कधीच वेगळा नव्हता, हे त्या तंबूंकडे पाहिलं की कळतं: घर मालकाचं, म्हणून मतही मालकाचं.

त्याच दिवसांत जॉन ह्यूलेट आणि स्टोकली कारमायकेल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन हा स्वतःचा पक्ष काढला. अक्षरओळख नसलेल्या मतदारांसाठी तिथेही मतपत्रिकेवर चिन्ह लागायचं. डेमोक्रॅटिक पक्षाचं राज्यातलं चिन्ह पांढरा कोंबडा होता. यांनी काळा पँथर घेतला. १९६६ च्या निवडणुकीत सगळे उमेदवार पडले. पण पँथर काउंटीबाहेर पडला, कॅलिफोर्नियात ओकलंडला पोचला, तिथे ब्लॅक पँथर पार्टी झाली. आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीनं दलित पँथर हे नाव घेतलं ते तिथूनच. वरळी-नायगावच्या चाळींत भिंतींवर रंगलेल्या त्या नावाचं मूळ या चिखलाच्या काउंटीत आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९७० मध्ये ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आले.

सत्ता आली, पण तिजोरी आली नाही. याचं कारण अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेत आहे, जी कृष्णवर्णीयांचं मत काढून घेण्यासाठीच लिहिली गेली. २०२२ साली ती नव्यानं मांडली गेली, तरी तिच्या चौकटीमुळे काउंटीला अजूनही स्वतःच्या बळावर फारसं काही ठरवता येत नाही. साध्या करासाठीही मॉन्टगोमेरीच्या विधिमंडळाकडे जावं लागतं. जमिनीवरचा कर देशात सगळ्यात कमी असलेल्या राज्यांत अलाबामा मोडतं, आणि लाउंड्सची मोठाली रानं नि वनं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यावर त्याचा भार नगण्य. गटारयोजना कशातून करणार? शाळांचंही तसंच. सरकारी शाळांत गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र बसवण्याची वेळ आली तेव्हा गोऱ्या कुटुंबांनी खासगी शाळा काढली, आणि सरकारी शाळांत जवळपास सगळी मुलं कृष्णवर्णीय राहिली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये संघराज्याच्या न्याय खात्यानं चौकशी सुरू केली: राज्याचं आरोग्य खातं लाउंड्सच्या कृष्णवर्णीयांशी भेदभाव करतं का? मे २०२३ मध्ये करार झाला. आरोग्य खात्यानं दोष कबूल केला नाही, पण खटले आणि बोजे थांबवायचं, घराघरांतली परिस्थिती मोजायची, धोका जास्त तिथे आधी व्यवस्था बसवायची, हे मान्य केलं. हा करार मला फार महत्त्वाचा वाटला तो त्यातल्या पैशामुळे नव्हे. खटल्याची भीती गेली की लोक परसाचं दार उघडतात, आणि मग मोजता येतं.

एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या न्याय खात्यानं विविधता-समावेशाच्या धोरणांविरुद्धच्या आदेशाचा आधार घेऊन तो करार संपवला. आरोग्य खात्यानं हातातला निधी संपेपर्यंत टँक बसवणं चालू ठेवू असं सांगितलं. मैला कोणाच्या परसात वाहतो याचा रंगाशी संबंध आहे असं म्हणणंच यापुढे आक्षेपार्ह ठरलं. दु बॉइसच्या हस्तलिखिताला तेव्हा एकशेएकोणीस वर्षं झाली होती.

काय करायला हवं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. घरमालकाला अनुदान देऊन टँक त्याच्या गळ्यात बांधला तर पाच वर्षांनी पंप जळतो आणि दुरुस्तीचे पैसे नसतात. आपल्या निर्मल ग्रामांतल्या कुलूप लागलेल्या संडासांनी हे आपल्याला दाखवलेलं आहे. चार-पाच घरं मिळून एक वाळूचा उंचवटा, तो सार्वजनिक मालकीचा, पंपाची नि उपशाची जबाबदारी सरकारी यंत्रणेची, आणि घरानं फक्त परवडेल तेवढी पाणीपट्टी द्यायची. शहरात जमिनीखालचा पाइप सगळ्यांचा असतो, तो तुंबला म्हणून कोणा एका नागरिकाला समन्स जात नाही. लाउंड्समधल्या माणसाला त्याहून जास्त काही नको आहे. काळी माती त्यानं निवडलेली नाही. त्याच्या पणजोबाला तिच्यावर कापूस वेचायला आणलं होतं.